पेशी भरपूर, तरी रक्त थांबत नाही

पावसाळा सरता सरता तापाची साथ आली की दवाखान्याच्या ओसरीवर एकच प्रश्न फिरत असतो, "पेशी किती आल्या?" डेंग्यूनं प्लेटलेट गावोगावी ओळखीच्या करून दिल्या. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असल्या की निर्धास्त, लाखाच्या खाली घसरल्या की काळजी, वीस हजारांवर आल्या की मोठ्या गावाकडे गाडी काढायची, एवढा हिशेब आता घरोघरी पाठ आहे. हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यातून एक समज पक्का बसला: पेशी पुरेशा असल्या म्हणजे रक्त थांबणारच.

काही घरांत हा समज खोटा ठरतो. बाळाला दात येताना हिरडीतून रक्त झिरपत राहतं. रांगायला लागलं की गुडघ्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग उठतात. शाळेत जायच्या वयात घोळणा फुटतो. डोक्यावर गार पाणी ओतलं, कांदा हुंगवला, तरी तासभर थांबत नाही. मुलगी असेल तर पहिल्याच पाळीत इतकं अंगावरून जातं की रक्त चढवायची वेळ येते. तपासणीचा कागद हातात येतो तेव्हा त्यावर प्लेटलेट असतात अडीच लाख. "रिपोर्ट नॉर्मल आहे, उष्णता असेल," असं कुणीतरी सांगतं आणि घरचे सब्जा भिजवायला लागतात.

अशा मुलांच्या रक्तात संख्या पुरेशी असते, काम मात्र होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यांच्या नावावरून आज त्याला ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया म्हणतात. प्लेटलेट मोजायला गेलं तर भरपूर, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. त्या का धरत नाहीत, हे कळायला पुढची पाऊणशे वर्षं लागली. शेवटचं उत्तर तर रुग्णाच्या रक्तातून आलंच नाही. ते आलं प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या, रक्ताशी काहीही संबंध नसलेल्या पेशींमधून.

पृष्ठभागावरची प्रथिनं

प्लेटलेट ही खरं तर पूर्ण पेशी नसते. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. व्यास दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस. निरोगी माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट तयार होतात. त्यांना केंद्रक नसतं, म्हणजे जनुकांचा संच नसतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

रक्तवाहिनीला चीर गेली की प्लेटलेटला दोन कामं करावी लागतात. आधी फाटलेल्या भिंतीला चिकटायचं, मग एकमेकींना चिकटून गठ्ठा करायचा. दोन्ही कामं पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांची, म्हणजे रिसेप्टरांची. भिंतीला चिकटण्यासाठी जीपी-वन-बी हा रिसेप्टर लागतो. तो व्हॉन विलब्रँड फॅक्टर या प्रथिनाला पकडतो आणि धमनीतल्या वेगवान प्रवाहातही प्लेटलेटला जागेवर रोखतो. एकमेकींना धरण्यासाठी दुसरा रिसेप्टर लागतो. त्याचं जुनं नाव जीपी-टू-बी-थ्री-ए, नवं नाव अल्फा-२बी-बीटा-३. रक्तात तरंगणारं फायब्रिनोजेन हे लांबुळकं प्रथिन दोन्ही टोकांनी पकडता येतं. एक टोक एका प्लेटलेटच्या रिसेप्टरनं धरलं, दुसरं शेजारणीच्या, की गठ्ठा बसायला लागतो.

एका प्लेटलेटवर हे अल्फा-२बी-बीटा-३ सुमारे ८० हजार असतात. ग्लान्झमनच्या आजारात ते नसतात, अगदी थोडे असतात, किंवा असूनही कामाचे नसतात. १९७४ साली अ‍ॅलन नर्डन आणि जाक काँ यांनी पॅरिसमध्ये रुग्णांच्या प्लेटलेटवर पृष्ठभागाचं प्रथिन कमी असल्याचं दाखवलं, तेव्हा हे कोडं पहिल्यांदा सुटायला लागलं. दुसऱ्या आजाराची, बर्नार्ड-सूलिए सिंड्रोमची, गोष्ट याच्या जोडीनं चालते. जाँ बर्नार्ड आणि जाँ-पिएर सूलिए यांनी तो १९४८ मध्ये नोंदवला. त्यात जीपी-वन-बीचा संच बिघडलेला असतो, प्लेटलेट आकारानं मोठ्या आणि संख्येनं कमी असतात. त्यामुळे तो बऱ्याचदा 'पेशी कमी होण्याचा' नेहमीचा आजार समजला जातो आणि रुग्ण वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खात राहतो.

मुंबईच्या परळ भागात केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रेणू नसला की काय होतं, हा विषय मुंबईला नवा नाही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे आणलेला 'बॉम्बे' रक्तगट हा तांबड्या पेशींवरचा तसाच अभाव आहे. पुढे याच संस्थेत डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांच्यासारख्या संशोधकांनी हिमोफिलियापासून प्लेटलेटच्या दोषांपर्यंत आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांवर काम केलं. महाराष्ट्रातली अनेक अवघड निदानं शेवटी परळलाच जातात.

सोयरीक आणि एक चतुर्थांश

अल्फा-२बी आणि बीटा-३ ही दोन वेगळी प्रथिनं, त्यांची जनुकंही वेगळी: आयटीजीए-२बी आणि आयटीजीबी-३. दोन्ही सतराव्या गुणसूत्रावर आहेत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत बिघडली तर रिसेप्टर साधारण निम्मे होतात, पण निम्म्यावरही काम भागतं आणि माणसाला कधी पत्ताही लागत नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार दिसतो. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

जगभरात हा आजार दहा लाखांत एकाला, असा ढोबळ अंदाज दिला जातो. त्या हिशेबानं सर्वसाधारण समाजात दर पाचशे माणसांमागे एक वाहक येतो. मराठवाड्यात, आणि एकूणच दख्खनेत, मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. जमीन घरात राहते, लेक ओळखीच्या घरी जाते, त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. जनुकांचं गणित मात्र वेगळं चालतं. आजोबांकडे एक बिघडलेली प्रत होती असं धरा. ती मुलाकडून नातीकडे पोचायची शक्यता चारात एक, मुलीकडून नातवाकडे पोचायचीही चारात एक. त्या दोघांचं लग्न झालं आणि दोघंही वाहक निघाले, तर मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. तिन्हींचा गुणाकार येतो चौसष्टात एक. त्याच नातवानं नात्याबाहेर लग्न केलं असतं तर चार, पाचशे आणि चार यांचा गुणाकार होऊन शक्यता आठ हजारांत एक. आजार मुळात दुर्मीळ आहे, त्यामुळे बहुतेक मामा-भाच्यांच्या सोयरिकीत काहीच होत नाही. पण ज्या घराण्यात ती एक प्रत फिरते आहे, तिथे फरक सव्वाशे पट पडतो.

प्लेटलेट पोचत नाही, डीएनए पोचतो

परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव हे बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातलं गाव. तिथून तपासणीसाठी निघालं की आधी गंगाखेड, मग परभणी किंवा नांदेड, आणि तिथून पुढे रात्रभराच्या रेल्वेनं मुंबई. प्लेटलेटच्या आजारात हे अंतरच अडचण होऊन बसतं. ग्लान्झमनचं पक्कं निदान करणारी चाचणी म्हणजे अ‍ॅग्रिगोमेट्री. रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव काचेच्या नळीत घेऊन त्यात एडीपी, कोलॅजन किंवा अ‍ॅड्रेनॅलिन टाकायचं आणि गठ्ठे होऊन द्रव निवळतो का, हे प्रकाशाच्या झोतात बघायचं. ग्लान्झमनच्या रुग्णात या तिन्हींनी काही घडत नाही, रिस्टोसेटिन टाकल्यावर मात्र प्रतिसाद येतो. बर्नार्ड-सूलिएत नेमकं उलटं. चाचणी चोख आहे, पण रक्त काढल्यापासून चारेक तासांत ती करावी लागते. गावात काढलेली बाटली मुंबईला पोचेपर्यंत तिच्यातल्या प्लेटलेटचा काही भरवसा उरत नाही. रुग्णालाच तिथे न्यावं लागतं.

डीएनएचं तसं नाही. साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये तो कितीतरी दिवस टिकतो. लहान गावातून नमुना कुरिअरनं पाठवला, जनुकांचा क्रम वाचला आणि अहवाल मोबाइलवर आला, हे आता घडू शकतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी २००६ साली दक्षिण भारतातल्या परस्पर नातं नसलेल्या १५ ग्लान्झमन रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा १० उत्परिवर्तनं आधी कुठेच नोंदलेली नव्हती. २०११ मध्ये भारतातल्या बर्नार्ड-सूलिएच्या २७ रुग्णांचंही असंच काम तिथे झालं. दिल्लीच्या एम्समधूनही ग्लान्झमनची उत्परिवर्तनं नोंदवली गेली. इराकी ज्यू समाजात एकच जुना बदल, बीटा-३च्या जनुकातून गळालेली ११ अक्षरं, पिढ्यान्‌पिढ्या फिरताना दिसतो. भारतात जवळपास प्रत्येक घराण्याचा बदल निराळा.

आणि इथेच नवं कोडं उभं राहतं. अहवालात लिहिलेलं असतं की अमुक जागी एक अक्षर बदललं आहे, हा बदल पूर्वी कुणात आढळलेला नाही, त्याचा अर्थ अनिश्चित आहे. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत असे बदल असतातच. बीटा-३च्या तेहतिसाव्या जागी कुणाच्यात ल्युसिन असतं, कुणाच्यात प्रोलिन. कोट्यवधी लोकांमध्ये हा फरक आहे आणि त्यामुळे कुणाला ग्लान्झमन होत नाही. बदल सापडला म्हणजे बिघाड सापडला, असं म्हणता येत नाही. तो बदल प्रथिनाचं काय करतो, हे कुणीतरी करून बघावं लागतं.

उसन्या पेशीत प्रयोग

करून बघायचं कशात? प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे तिच्यात नवं जनुक घालून नवं प्रथिन बनवून घेता येत नाही. ती बशीत वाढवता येत नाही, विभागत नाही, आठवड्याभरात संपते. म्हणून संशोधकांनी उसन्या पेशी वापरल्या. दोन जाती फार वापरातल्या. एक सीएचओ, चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये वेगळी केलेली. दुसरी हेक-२९३, मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी तयार केलेली. २९३ हा त्यांच्या वहीतल्या प्रयोगाचा क्रमांक. या पेशी वर्षानुवर्षं विभागत राहतात. त्यांच्यावर मुळात अल्फा-२बी-बीटा-३ नसतो, त्यामुळे जे दिसेल ते आपण घातलेल्या जनुकाचंच. भारतात अशा पेशींचा राष्ट्रीय साठा पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून पेशींच्या कुप्या मागवतात.

प्रयोग असा चालतो. अल्फा-२बीचं निरोगी जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात बसवलेलं असतं, बीटा-३चं दुसऱ्या कड्यात. रुग्णात सापडलेला बदल, समजा एकच अक्षर, त्या कड्यात मुद्दाम केला जातो. प्लास्टिकच्या बशीत गुलाबी पोषकद्रवाखाली हेक-२९३ पेशींचा पातळ थर पसरलेला असतो. उबवणपेटीत तापमान ३७ अंश, हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. एका बशीत निरोगी जोडी घालायची, दुसरीत एक निरोगी आणि एक बदललेलं, तिसरीत रिकामं कडं. मेदाच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेला डीएनए पेशींच्या आत शिरतो. दोन दिवसांनी पेशी बशीवरून सोडवून घेतात आणि त्यांना चमकणारी अँटिबॉडी लावतात, जी फक्त या रिसेप्टरलाच चिकटते. मग फ्लो सायटोमीटर हे यंत्र एकेक पेशी लेसरपुढून नेतं आणि तिच्यावर किती चमक आहे ते मोजतं. पडद्यावर दोन टेकड्या उमटतात: रिकाम्या कड्याची डावीकडे, अंधारात, निरोगी जोडीची उजवीकडे, उजेडात. रुग्णाच्या बदलाची टेकडी डावीकडच्या टेकडीवर जाऊन बसली की कळतं, हा रिसेप्टर पृष्ठभागावर पोचलाच नाही.

पोचला नाही तर अडला कुठे? यासाठी पेशी फोडून आतली प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करतात. अल्फा-२बी आधी अखंड बनतं. बीटा-३शी त्याची जोडी जुळून ती गॉल्जी या भागात गेली की त्याचे एक मोठा आणि एक छोटा असे दोन भाग होतात. रुग्णाच्या नमुन्यात फक्त अखंड प्रथिनाचीच पट्टी दिसली, तर ते गॉल्जीपर्यंतही गेलं नाही, पेशीच्या कारखान्यातच अडकलं. इथला नियम बैलजोडीचा आहे: दोन्ही बैल धड असले तरच जोडी जुवाला लागून वाड्याबाहेर पडते. अल्फा-२बी वाकडं घडलं तर धडधाकट बीटा-३लाही प्लेटलेटवर त्याच्यासोबत जाता येत नाही, आणि अडकून पडलेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. म्हणूनच दोनपैकी कुठल्याही जनुकात बिघाड झाला तरी आजार एकच दिसतो.

बिघाडाच्या तऱ्हा

अशा प्रयोगांतून बिघाडाचे प्रकार एकेक करून उलगडत गेले. काही बदलांत जनुकाचं वाचनच मध्ये थांबतं आणि प्रथिन बनत नाही. काहींत प्रथिन बनतं पण नीट घडी पडत नाही. अल्फा-२बीच्या डोक्याशी, कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या भागांजवळ झालेले अनेक बदल या जातीचे.

तिसऱ्या तऱ्हेत रिसेप्टर पृष्ठभागावर व्यवस्थित पोचतो, मोजला तर भरतो, आणि तरीही फायब्रिनोजेन धरत नाही. १९९० साली 'सायन्स' नियतकालिकात अशा एका कुटुंबाचा शोधनिबंध आला. बीटा-३च्या ११९व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी टायरोसिन आलं होतं, आणि एवढ्यानं फायब्रिनोजेन धरण्याची जागाच निकामी झाली होती. त्या काळी या प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेचा फोटो कुणाकडे नव्हता. धरण्याची जागा नेमकी कुठे आहे, हे रुग्णाच्या एका अक्षरानं दाखवून दिलं.

याच जागेचा ठावठिकाणा आपल्याकडच्या एका सापाला फार आधीपासून ठाऊक आहे. कोकणात मुबलक असलेल्या आणि महाराष्ट्रात इतरत्रही आढळणाऱ्या फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. ते नेमकं अल्फा-२बी-बीटा-३च्या त्याच भागात जाऊन बसतं आणि फायब्रिनोजेनला जागा देत नाही. फुरसं चावल्यावर रक्त न गोठण्याची कारणं आणखीही आहेत, पण या एका रेणूनं औषधशास्त्राला मोठी वाट दाखवली. एकिस्टॅटिनवरच्या कामाच्या आधारानं पुढे टायरोफिबान हे औषध घडलं. हृदयविकाराच्या झटक्यात, अँजिओप्लास्टीच्या वेळी, कॅथलॅबमध्ये ते शिरेतून दिलं जातं. त्याआधी अमेरिकेत बॅरी कॉलर यांनी याच रिसेप्टरवर बसणारी अँटिबॉडी तयार केली होती. तिच्यापासून झालेल्या अ‍ॅबसिक्सिमॅबला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. थोडक्यात, या औषधांनी काही तासांपुरता ग्लान्झमन मुद्दाम घडवला जातो. गंगाखेडच्या एखाद्या काकांच्या हृदयातली गाठ वाढू नये म्हणून जे औषध दिलं जातं, ते अशा आजारी मुलांच्या प्लेटलेटकडे नीट पाहिल्यामुळे सुचलेलं आहे.

चौथी तऱ्हा आणखी आतली. हा रिसेप्टर एरवी वाकलेल्या, मिटलेल्या स्थितीत असतो. जखम झाल्याचा निरोप पेशीच्या आतून त्याच्या शेपटीपर्यंत आला की तो सरळ होतो आणि उघडतो. हे असंच असायला हवं, नाहीतर धडधाकट रक्तवाहिनीतच गठ्ठे होतील. १९९२ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णात बीटा-३च्या शेपटीतल्या ७५२व्या जागी सेरिनऐवजी प्रोलिन होतं. रिसेप्टर जागेवर, धरण्याची जागा शाबूत, पण आतला निरोप त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

पाचवी तऱ्हा ऐकून कुणीही बुचकळ्यात पडेल. २००१ मध्ये वर्णिलेल्या एका रुग्णात बीटा-३चं ५६०वं सिस्टिन बदललं होतं आणि रिसेप्टर कायमचा उघडा राहिला होता. सीएचओ पेशींत तेच जनुक घातलं तर त्या पेशींवरचा रिसेप्टरही कुणी न सांगता उघडाच. असा रुग्ण गुठळ्यांनी आजारी पडेल असं वाटेल, पण त्याला रक्तस्राव होत होता. जीपी-वन-बीमध्येही असाच प्रकार आहे. त्याच्या २३३व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आलं की तो व्हॉन विलब्रँड फॅक्टरला नको तेव्हा धरत सुटतो, त्याचा साठा संपवतो, आणि जखम होते तेव्हा तो फॅक्टरच उरत नाही. हा आजार तर एकाच बिघडलेल्या प्रतीनं होतो, नात्यातल्या लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. जास्त चिकटल्यानंही रक्त वाहतं आणि न चिकटल्यानंही. जनुकाचा क्रम नुसता वाचून यातला फरक कळला नसता.

बशीच्या मर्यादा

उसनी पेशी शेवटी उसनीच. हेक-२९३ला जखमेचा निरोप कळत नाही, तिच्याकडे प्लेटलेटसारखी रसायनांची भरलेली कणकोठारं नसतात. रिसेप्टर उघडतो का हे बघायला त्यावर मँगनीज किंवा खास अँटिबॉडी टाकून बळजबरी करावी लागते. जनुक कृत्रिम रीतीनं भरमसाट चालवलेलं असतं, त्यामुळे हलका दोष झाकला जाऊ शकतो. शिवाय प्लास्मिडमध्ये घालतात ती जनुकाची सोललेली प्रत असते, मधले न वाचायचे तुकडे काढून टाकलेली. ज्या उत्परिवर्तनामुळे ते तुकडे कापण्यातच चूक होते, ते या पद्धतीत दिसणारच नाही. त्याच्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते.

म्हणून पुढची पायरी म्हणजे खऱ्या मेगाकॅरिओसाइट बशीत वाढवणं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांच्या गटानं नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशींपासून मेगाकॅरिओसाइट घडवण्यावर काम केलं. माशांच्या तेलातलं डीएचए आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल दिल्यावर त्यांचं उत्पादन वाढतं, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. परदेशात २०१४ साली ग्लान्झमनच्या दोन रुग्णांच्या पेशी मागे नेऊन मूळ पेशी बनवल्या गेल्या, त्यांच्यापासून प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशी घडवल्या, आणि निरोगी अल्फा-२बी जनुक घातल्यावर रिसेप्टर परत आला. हा आजार असलेल्या कुत्र्यांवरही जनुकोपचाराचे प्रयोग झाले आहेत. माणसासाठीचा रोजचा उपचार अजून या वाटेवर पोचलेला नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं आजार बरा होतो, पण ते निवडक, गंभीर रुग्णांसाठीच.

गावात काय करता येतं

रोजच्या उपचारात जनुकाचा प्रकार कामाला येतो, हे लक्षात घ्यायला हवं. मोठा रक्तस्राव झाला की प्लेटलेट चढवतात. ज्या रुग्णात हे प्रथिन मुळीच बनत नाही, त्याच्या शरीराला चढवलेल्या प्लेटलेटवरचा रिसेप्टर परका वाटतो आणि तो त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतो. मग पुढच्या वेळी चढवलेल्या प्लेटलेट वाया जातात. अशा रुग्णात प्लेटलेट जपून वापरायच्या असतात आणि गरजेला रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए हे महागडं औषध असतं. तेही हॅम्स्टरच्याच, मूत्रपिंडाच्या पेशींत बनवलेलं. छोट्या रक्तस्रावाला दाब देणं आणि ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या बऱ्याचदा पुरतात. दात काढण्याआधी, बाळंतपणाआधी, पाळी सुरू होण्याच्या वयात आधीच तयारी ठेवावी लागते. अंगदुखीवर सर्रास दिलं जाणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन या मुलांना वर्ज्य. ताप-दुखण्याला पॅरासिटॅमॉल चालतं.

आणि संशय घ्यायला मुंबईच लागते असं नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक असतोच. बोटाला सुई टोचून आलेला थेंब, न गोठण्याचं रसायन न मिसळता, थेट काचपट्टीवर पसरायचा आणि रंग देऊन बघायचा. निरोगी रक्तात जांभळट प्लेटलेटचे झुबके दिसतात, पाच-दहा-वीस एकत्र. ग्लान्झमनच्या रक्तात त्या भरपूर असतात पण सगळ्या सुट्या, एकेकट्या. नळीतलं रक्त यासाठी चालत नाही, कारण त्यातलं रसायन निरोगी प्लेटलेटनाही सुट्या ठेवतं. रक्त साध्या काचेच्या नळीत ३७ अंशांवर ठेवलं तर निरोगी गाठ तासा-दोन तासांत आक्रसते. इथे ती फुगलेलीच राहते. प्लेटलेट खूप मोठ्या आणि थोड्या दिसल्या तर विचार बर्नार्ड-सूलिएचा करायचा. या दोन गोष्टींनी निदान पक्कं होत नाही, पण पुढे कुठे पाठवायचं ते ठरतं. सोबत एक प्रश्न विचारायचा: आई-वडील नात्यातले आहेत का, आणि घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?

अमेरिकेतल्या क्लिनजेन या उपक्रमाच्या तज्ज्ञांनी आयटीजीए-२बी आणि आयटीजीबी-३ मधले बदल आजाराचे की निरुपद्रवी, हे ठरवण्याचे नियम आखले आहेत. बशीतला प्रयोग हा त्यातला एकच पुरावा. रुग्णाच्या प्लेटलेटची चाचणी, घराण्यात बदल कुणाकुणाकडे गेला, त्यातल्या कुणाला त्रास झाला आणि कुणाला नाही, हे सगळं त्याच्या जोडीला मांडावं लागतं. बशीतल्या पेशीचं उत्तर पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळा देतील. घराण्याचं उत्तर फक्त राणीसावरगावातला डॉक्टर, आशाताई आणि घरातली थोरली माणसंच देऊ शकतात. भारतात बदल घराण्यागणिक निराळे असल्यामुळे या दुसऱ्या उत्तराचं मोल इथे जास्त आहे. त्याची सुरुवात केसपेपरवरच्या एका ओळीनं होते. प्लेटलेट अडीच लाख आणि घोळणा थांबत नाही, अशा मुलाच्या कागदावर 'नॉर्मल' लिहून थांबू नये. 'संख्या पुरेशी, काम तपासायचं आहे' असं लिहावं.